शेजारच्या वर्गातला विषय

निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, 'कोणती साईड घेतलीस?' ही साईड एकदा ठरली की मूल कुंपणाआड गेलं, असं आपण धरून चालतो. आर्ट्सवाल्यानं आकड्यांकडे पाहायचं नाही आणि सायन्सवाल्यानं कवितेकडे. पण २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि या कुंपणाला एक फाटक ठेवलं गेलं. त्याचं नाव 'ओपन इलेक्टिव्ह', म्हणजे खुला वैकल्पिक विषय.

नियम साधा आहे. मेजर म्हणजे आपला मुख्य विषय. ओपन इलेक्टिव्ह मात्र मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच निवडायचा. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, ज्यांना मुलं क्रेडिट म्हणतात. त्यांतले साधारण १० ते १२ या खुल्या विषयांचे. एक श्रेयांक म्हणजे वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास. दोन श्रेयांकांचा विषय घेतला, तर तीस तास होतात.

तीस तासांत काय येणार, असं कुणी विचारील. कवी होता येणार नाही आणि हिशेबनीसही. पण दुसऱ्या शास्त्रात प्रश्न कसा विचारतात, ते कळू शकतं.

ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये १८६९ साली चार्ल्स एलियट अध्यक्ष झाले. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. ठरावीक विषयांची सक्ती त्यांनी चाळीस वर्षांत जवळजवळ संपवली आणि निवड विद्यार्थ्यांवर सोपवली. त्यातून एक अडचण उभी राहिली. पुष्कळ मुलं सोपे विषय गोळा करू लागली, कशातच खोल जाईनात. १९०९ साली लॉवेल अध्यक्ष झाले. त्यांनी मधला मार्ग काढला : एका विषयात खोल उतरा आणि उरलेले विषय निरनिराळ्या ज्ञानशाखांतून घ्या. आज आपल्या मुलांच्या अर्जावर मेजर आणि इलेक्टिव्ह असे जे दोन रकाने दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

त्याच हार्वर्डमधून १९२९ साली दामोदर धर्मानंद कोसंबी पदवीधर झाले. जन्म गोव्यातला, विषय गणित. पण तिथं त्यांनी नाना विषयांचे वर्ग केले. पुढे पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना त्यांनी जुनी आहत नाणी तराजूत घातली. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं. तेव्हा नाण्यांच्या गटांची वजनं घेऊन, संख्याशास्त्र लावून त्यांचा आधी-नंतरचा क्रम सांगता येतो. इतिहासाचं कोडं गणितानं सोडवलं. याच माणसानं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. सगळेच कोसंबी होत नाहीत, हे खरं. पण दोन विषय एका डोक्यात शेजारी बसले की काय घडू शकतं, हे त्यांच्या कामात दिसतं.

माझं स्वतःचं सांगायचं, तर घरात दखनी बोलली जायची आणि मी बी.ए. झालो मराठी घेऊन. पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र होतं. मागणी-पुरवठ्याचे ते आलेख आज मला काढता येणार नाहीत. पण आठवडी बाजारात संध्याकाळी भाजीचा भाव का पडतो आणि तो पडला की कुणाच्या घरची चूल मंदावते, हे मी त्या तासांना शिकलो. माझ्या कवितेत बाजार आला तो तिथून.

आता काळजीची गोष्ट. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात दहा विषयांची यादी लागते. तालुक्याच्या गावी, एकच शाखा असलेल्या ठिकाणी, दुसऱ्या शाखेचा शिक्षक आणायचा कुठून? मग ज्या प्राध्यापकाचे तास कमी भरतात त्याचा विषय यादीत येतो. निवड कागदावर मुलाची, प्रत्यक्षात वेळापत्रकाची. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात चाललं आहे, तिथं तर खिडकीवरचा कारकून सांगेल तो विषय लिहिला जातो. ज्या मुलाला या फाटकाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते बंद मिळतं.

म्हणून पालकांना विनंती आहे. अर्ज भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. हा विषय शिकवणार कोण, आणि तो त्याच विषयाचा शिक्षक आहे का? अभ्यासक्रम पाहायला मिळेल का? मुलाला त्यात काही करायला मिळणार, की नुसत्या नोट्स उतरवायच्या? आणि तास वेळापत्रकात खरोखर बसतो का? 'मार्क सहज मिळतात' हे उत्तर आलं, तर आणखी एकदा विचारा.

मुलांनो, तुम्हाला एवढंच सांगेन. सायन्सला असाल तर भाषेचा किंवा इतिहासाचा एखादा विषय घ्या. आर्ट्सला असाल तर संख्याशास्त्राला भिऊ नका. उद्या वर्तमानपत्रात टक्केवारी छापून येईल तेव्हा ती कशाची टक्केवारी, हे विचारण्याची सवय त्या तीस तासांत लागू शकते. कॉलेजात यादी छोटी असेल, तर चार मित्र मिळून प्राचार्यांकडे जा, हवा तो विषय मागा. मागणारी मुलं दिसली तरच पुढच्या वर्षी यादी वाढेल.