मुलगा की मुलगी? : जनुके, संप्रेरके आणि शरीराची लिंगघडण

प्रसूतिगृहाबाहेर ताटकळलेल्या आप्तांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? बहुधा उत्तर तत्काळ मिळते. क्वचित मात्र बालकाचे अवयव पाहून उत्तर देणारा थबकतो. अशा स्थितीस आंतरलिंगी स्थिती म्हणतात. ती शाप नव्हे, आईबापांच्या पापाचे फळही नव्हे. लिंगघडण टप्प्याटप्प्याने होते, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचा उलगडा होतो.

पहिला टप्पा गुणसूत्रांचा. सामान्यतः स्त्रीच्या पेशीत दोन 'एक्स' आणि पुरुषाच्या पेशीत एक 'एक्स' व एक 'वाय' गुणसूत्र असते. तरीही सुमारे सहा आठवड्यांपर्यंत सर्व गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. पुढे 'वाय' गुणसूत्रावरील एक जनुक कार्य करू लागते व त्या ग्रंथींचे वृषण बनतात. हे जनुक लंडनमधील शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये शोधून काढले.

दुसरा टप्पा संप्रेरकांचा. संप्रेरक म्हणजे ग्रंथीने रक्तातून धाडलेला रासायनिक निरोप होय. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी १९४७ च्या सुमारास सशाच्या गर्भांतील जननग्रंथी काढून टाकल्या; तेव्हा नरगर्भांचीही शरीरे मादीसारखी वाढली. नराचे शरीर वृषणांच्या स्रावांनी घडते, हे त्यावरून कळले.

परंतु निरोप घेणाराच नसेल तर? काही व्यक्तींत वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही स्रवते; मात्र त्यास ओळखणारे ग्राही सदोष जनुकामुळे निकामी असतात. त्यांचे बाह्य शरीर स्त्रीचे घडते. पुष्कळदा पाळी न आल्यावरच ही गोष्ट उघडकीस येते.

याउलट, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींत एका एंझाइमाची उणीव असल्यास पुरुषी संप्रेरके अधिक स्रवतात आणि मुलगी जन्मतः मुलासारखी दिसू शकते. या विकाराच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ निघून जाऊन बालक काही आठवड्यांत दगावू शकते. वेळीच औषध दिल्यास वाचते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखावर नवजात बालके तपासली. तेव्हा सुमारे ५,७०० बालकांमागे एकास हा विकार आढळला. आई व बाप दोघांकडेही एकेक सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता चारात एक असते. आप्तविवाहांत असा योग अधिक संभवतो. मग तो महाराष्ट्रातील मामेबहिणीशी केलेला विवाह असो, की छत्तीसगडातील गोंडांचा 'दूध लौटावा'.

वर्तनाचे काय? अशा मुलींना सरासरीने मुलग्यांचे खेळ अधिक रुचतात, असे आढळले आहे; तथापि मोठेपणी त्यांतील बहुसंख्य स्वतःस स्त्रीच मानतात. संप्रेरके कल देतात, मनुष्याचे सर्व जीवन ठरवीत नाहीत.

मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, जिवास धोका नसता, आंतरलिंगी बालकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई करावी, असा आदेश दिला. म्हणून रायपुरात असो वा बस्तरच्या खेड्यात, अशा बालकास लपवू नये. त्वरित मोठ्या रुग्णालयात नेऊन रक्तातील क्षार व संप्रेरके तपासून घ्यावीत. आप्तांच्या प्रश्नास काही दिवस थांबता येते. या तपासणीस थांबता येत नाही.