गुरूला फेऱ्या, युरोपाला धावती भेट

जबलपूरच्या बडा फुहाऱ्यापासून भेडाघाट वीस-पंचवीस किलोमीटर. नासाचं ‘युरोपा क्लिपर’ हे यान गुरूच्या युरोपा या चंद्राच्या जवळात जवळ येईल तेव्हा उंची तेवढीच असेल, 25 किलोमीटर. वेग मात्र सेकंदाला चार-साडेचार किलोमीटर, म्हणजे भेडाघाट सहा सेकंदांत! एवढ्या घाईत अभ्यास कसला होणार, युरोपाच्याच कक्षेत का राहत नाहीत, असं कुणालाही वाटेल.

धावती भेट म्हणजे दुय्यम काम, हा गैरसमज इथूनच सुरू होतो. खर्चाचा प्रश्न होताच, पण मोठी अडचण किरणोत्सर्गाची. युरोपा गुरूच्या तीव्र किरणोत्सर्गाच्या पट्ट्यात फिरतो. तिथे मुक्काम ठोकला तर यान काही महिन्यांत निकामी होईल. त्यातही जमवलेली सगळी माहिती पृथ्वीवर पाठवायला वेळ पुरणार नाही. म्हणून क्लिपर गुरूभोवती लांबट कक्षेत फिरेल, पट्ट्यात शिरून लवकरच बाहेर पडेल आणि उरलेल्या दिवसांत निवांत माहिती धाडेल. अशा 49 भेटी ठरल्या आहेत. दर वेळी वाट वेगळी, त्यामुळे जवळजवळ सगळा युरोपा पाहून होतो. मला तरी ही तडजोड वाटत नाही, हुशारी वाटते.

ग्रहाजवळून गेलं की वेग वाढतो, हेही अर्धसत्य. ग्रहाच्या मागच्या बाजूने गेल्यास वाढतो, पुढून गेल्यास घटतो. 1 मार्च 2025 रोजी क्लिपर मंगळापासून 884 किलोमीटरवरून गेलं, तेव्हा सूर्याच्या संदर्भातला त्याचा वेग सेकंदाला सुमारे 24.5 किलोमीटरवरून 22.5वर आला. मार्ग वळवण्यासाठी ते मुद्दाम केलं होतं. वेग पुढे पृथ्वी देणार, डिसेंबर 2026मध्ये. गुरू गाठायचा तो एप्रिल 2030मध्ये.

आणि यान हवं तिथे इंधन जाळून वळवतात, असं तर मुळीच नाही. शनीभोवती फिरताना ‘कॅसिनी’ यान त्याच्या टायटन या चंद्राजवळून 127 वेळा गेलं. टायटनचं गुरुत्वाकर्षणच यानाची कक्षा वळवत होतं. एका भेटीची वाट ठरवताना पुढच्या भेटीही ठरतात. 1980मध्ये ‘व्हॉयेजर 1’ला टायटन जवळून दाखवायचा म्हटल्यावर पुढचे ग्रह सोडावे लागले.

राहिला जीवसृष्टीचा मुद्दा. क्लिपर जीव शोधायला निघालेलं नाही. बर्फाखालचा समुद्र जीवसृष्टीला पोषक आहे का, एवढंच ते तपासेल. 2030नंतर ‘युरोपावर जीव सापडला’ असा मेसेज आलाच, तर फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा.