तिसऱ्या गिअरचा माग

सकाळी साडेसात

गाडी काल रात्री इथंच ठेवून घेतली, कारण पहिली तपासणी थंड इंजिनावर करायची असते. पंधरा-सोळा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, चार गिअरची, जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक. इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय ठेवला आणि लिव्हर ‘एन’वरून ‘डी’वर आणला. गिअर पडल्याचा हलका झटका लगेच आला. ‘आर’लाही तसाच. म्हणजे पंप तेल उचलतोय, पुढं नेणारा आणि मागं नेणारा असे दोन्ही क्लच धरतायत.

गाडी एका निवृत्त शिक्षिकेची आहे. लहानपणच्या पोलिओमुळे बाईंचा डावा पाय क्लच दाबू शकत नाही. ऑटोमॅटिकला डाव्या पायाचं कामच नसतं, म्हणून त्या स्वतः गाडी चालवत आल्या. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आलं, ‘बॉक्स गेला, नवा टाका.’ सांगितलेला आकडा गाडीच्या बाजारभावाला भिडणारा. बॉक्स स्लिप होतो एवढ्यावरून असा निकाल देणं मला पटत नाही. काय घसरतंय, कुठल्या गिअरला आणि कशामुळे, हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

सव्वाआठ

ट्रायल. आयटीआय करून आलेला पोरगा स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसला. सातारा रस्त्यानं कात्रजकडे निघालो. पहिला गिअर चोख, दुसराही चोख. दुसऱ्यावरून तिसरा पडताना मात्र इंजिननं एकदम रेस घेतली; आरपीएम हजारानं वर आणि वेग तिथंच. चढ लागल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटला. स्कॅनरवर कोड आला पी-०७३३: तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. आत जाणारा शाफ्ट किती फिरतोय आणि बाहेर येणारा किती, हे दोन सेन्सर मोजतात. हिशेब चुकला की कॉम्प्युटर बॉक्स वाचवायला त्याला एकाच गिअरमध्ये डांबून ठेवतो. ह्या बॉक्समध्ये तो गिअर नेमका तिसराच, म्हणजे जो आजारी तोच. गाडी भर चढावर बसली, असं बाईंनी सांगितलं होतं; ती का बसली, त्याचं उत्तर इथं आहे.

गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. बंधन तात्पुरतं सुटलं. सिलेक्टर ‘२’वर ठेवून सावकाश परत आणली.

नऊ

तेल तापलेलंच होतं, लगेच लेव्हल पाहिली. ह्या बॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांतून फिरवून मग पाहतात. होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद करून पाहतात. आपल्या गाडीची रीत पुस्तकात वाचून घ्यावी. लेव्हल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि धडधाकट बॉक्सही घसरू लागतो. अशा गाड्या नुसत्या तेलावर आणि एखाद्या ऑईल सीलवर बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

इथं लेव्हल बरोबर होती. पण काडी पांढऱ्या कागदावर टेकवली तर डाग तांबडा न येता काळपट आला, आणि जळका वास. प्लेटा जळल्यात हे नक्की. कुठल्या, हे अजून ठरायचंय.

साडेनऊ

हा तास मला सगळ्यात प्रिय, कारण ह्यात हात काळे होत नाहीत, फक्त डोकं चालतं. भिंतीवरच्या फळ्यावर पोराकडून लिहून घेतलं. ह्या बॉक्समध्ये पाच जोड आहेत: अंडरड्राइव्ह, ओव्हरड्राइव्ह आणि रिव्हर्स हे तीन क्लच, सेकंड आणि लो-रिव्हर्स हे दोन ब्रेक. पहिल्याला अंडरड्राइव्ह आणि लो-रिव्हर्स. दुसऱ्याला अंडरड्राइव्ह आणि सेकंड. तिसऱ्याला अंडरड्राइव्ह आणि ओव्हरड्राइव्ह. चौथ्याला ओव्हरड्राइव्ह आणि सेकंड. मागं जायला रिव्हर्स आणि लो-रिव्हर्स.

“आता सांग, पहिला, दुसरा आणि मागचा चांगला; तिसरा वाईट. दोषी कोण?”

पोरगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. “अंडरड्राइव्ह तर पहिल्या-दुसऱ्यालाही लागतो दादा, तो चांगलाच असणार. राहिला ओव्हरड्राइव्ह.”

“मग चौथ्याचं काय होईल?”

“चौथाही घसरणार.”

बाईंनी सांगितलंच होतं, महामार्गावरही इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही. बॉक्सच्या अंगावर प्रत्येक क्लचचा दाब मोजायला स्वतंत्र भोक असतं. गाडी लिफ्टवर घेऊन ओव्हरड्राइव्हच्या भोकाला गेज लावला, चाकं हवेत फिरवली. बाकीच्यांचा दाब पुस्तकातल्या मर्यादेत, ओव्हरड्राइव्हचा तेवढा खाली. पंप निर्दोष सुटला.

साडेदहा

दाब वॉल्व्ह बॉडीत गळतोय की क्लचमध्ये? तेल काढून वॉल्व्ह बॉडी खोलली आणि ओव्हरड्राइव्हच्या तेलमार्गात बेताच्या दाबानं हवा सोडली. बाकीच्या मार्गांत हवा सोडली की पिस्टन बसल्याचा ‘ठप्’ असा भरीव आवाज येतो. इथं नुसती फुसफुस. आता बॉक्स उतरवायला सबळ कारण मिळालं. बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “कारण समजलं ना? मग करा.”

अकरा ते सव्वा

बॅटरी, एअर फिल्टर, वायरिंगचे कपलर, एक्सल, माउंटिंग. इंजिनाला वरून आधार दिला, टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून सोडले, बॉक्स जॅकवर खाली आला. अंगमेहनतीचं काम, ह्यात सांगण्यासारखं फार नाही.

दीड

डबा खाताना पोरानं विचारलं, क्लच पेडल काढून टाकायचं डोकं पहिल्यांदा कुणाचं? जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलबरोबर ‘हायड्रामॅटिक’ विकायला काढला. मोठ्या संख्येनं बनलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढं महायुद्धात अमेरिकेच्या एम-5 रणगाड्यांतही तोच बसला. एवढं वजन ओढणारी ही जात आहे, तिला नाजूक म्हणणं अन्यायाचं.

मधेच एक फोन: ‘माझी एएमटी घसरते, तुम्ही ऑटोमॅटिक करता ना?’ एएमटीत बॉक्स साध्या गाडीचाच आणि क्लच प्लेटही कोरडी. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली आणि घरोघरी पोचली. तिची प्लेट झिजली तर साध्या गाडीसारखी बदलायची. तसं सांगून त्यांना जवळच्या गॅरेजचा रस्ता दाखवला.

सव्वादोन

बॉक्स टेबलावर. कापडाचा एक धागाही आत जाता कामा नये, तो वॉल्व्हमध्ये अडकतो. म्हणून सुती चिंध्या लांब ठेवल्या. ओव्हरड्राइव्हचा ड्रम उघडला. अस्तराच्या प्लेटा कोळशासारख्या काळ्या, त्यांच्यामधल्या पोलादी प्लेटांवर तापून पडलेले निळे डाग. इथं थांबून नव्या प्लेटा टाकल्या असत्या तर गाडी काही महिने चालली असती आणि पुन्हा इथंच आली असती. प्लेटा कशानं जळल्या?

पिस्टन बाहेर काढला. त्याच्या रबरी सीलची कड नखानं दाबून पाहिली. ती लवायला हवी. प्लास्टिकसारखी कडक झाली होती आणि एका जागी चिरली होती. तेलाचा दाब तिथून निसटत होता, प्लेटा पुरत्या आवळल्या जात नव्हत्या, घसरून तापत होत्या, आणि त्या उष्णतेनं सील आणखी कडक होत होतं. मग पहिली उष्णता आली कुठून? रेडिएटरच्या टाकीत ह्या तेलाचा कूलर असतो. त्यातून तेल ढकलून पाहिलं, तर धार जेमतेम. मळानं अर्धा तुंबलेला. आता साखळी पूर्ण झाली: कित्येक वर्षं न बदललेलं तेल, तुंबलेला कूलर, कडक सील, जळक्या प्लेटा.

साडेतीन

ह्या जातीच्या बॉक्सचा सील-किट आणि प्लेटा मी जवळ ठेवतो. बॉक्स उतरवण्याच्या वेळीच नव्या प्लेटा नव्या तेलात भिजत घातल्या होत्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत होरपळतात. सील बसवताना बोटांनी, पेट्रोलियम जेली लावून, हळूहळू. स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेला लागलं की नवं सीलही गेलं. प्लेटांमधली मोकळीक फीलर गेजनं मोजली, थोडी जास्त निघाली. अंमळ जाड सर्क्लिप टाकली तेव्हा मर्यादेत आली. बाकीच्या क्लचांच्या प्लेटा शाबूत होत्या, पण सीलं त्याच वयाची, म्हणून सगळीच बदलली. शेवटी पुन्हा हवा सोडली. ‘ठप्.’ पोराचा चेहरा उजळला. त्याला तीनदा ऐकवलं. हा आवाज कानात बसायला हवा.

साडेपाच

कूलर दोन्ही बाजूंनी धुतला, धार मोकळी झाली. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही जुनं तेल बरंच राहतं, नुसतं चेंबर रिकामं करून ते निघत नाही. तो नव्या तेलानं खळबळून पुन्हा-पुन्हा रिकामा केला. बसवताना तो फिरवत-फिरवत पंपाच्या खाचांत पूर्ण आत जायला हवा. तसाच अर्धवट ठेवून बोल्ट आवळले तर पंपच फुटतो. बॉक्सच्या तोंडावर पट्टी आडवी धरून खोली मोजली आणि मगच बॉक्स वर चढवला.

साडेआठ

कंपनीनं सांगितलेल्याच प्रतीचं तेल, आधी थोडं कमी, मग इंजिन चालू करून, तापवून, लेव्हलला. स्कॅनरनं कॉम्प्युटरच्या जुन्या सवयी पुसल्या. घसरणाऱ्या क्लचला सांभाळायला तो शिकला होता, नव्या क्लचला त्या नकोत. मग कात्रजचा जुना घाट, बोगद्यापर्यंत. दुसऱ्यावरून तिसरा पडला तेव्हा आरपीएमचा काटा खाली आला आणि गाडीनं चढ धरला. उतरून पुन्हा वर गेलो. कोड नाही, गळती नाही.

साडेनऊ

बाई भाच्याबरोबर आल्या. जुनं सील आणि जळक्या प्लेटा त्यांच्या हातात दिल्या. ज्याचे पैसे घ्यायचे ते दाखवलं पाहिजे. बिलावर तक्रार आणि उपाय ह्यांच्या मधे कारणही लिहिलं, म्हणजे पुढं दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी गेली तरी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि सांगितलं: हजार किलोमीटरला एकदा दाखवून जा. ह्या बॉक्सचं तेल शहरातल्या वाहतुकीत चाळीस हजाराला बदला. स्लिप थांबवणारं म्हणून बाटलीतून मिळणारं औषध टाकू नका. ते रबर फुगवून चार दिवस ढकलतं, चिरलेलं सील सांधत नाही. कुठं बंद पडलीच तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद असलं की बॉक्सला तेल मिळत नाही.

त्यांनी सगळं डायरीत उतरवून घेतलं, भाच्याला शेजारच्या सीटवर बसायला सांगितलं आणि गाडी स्वतः घेऊन गेल्या.