वेदनाशामक गोळ्या : दिलासा आणि दक्षता

गुडघे, कंबर वा दात दुखू लागला की औषधाच्या दुकानातून गोळी आणावी, ती घ्यावी आणि कामाला लागावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक ही अशा गोळ्यांतील नेहमीची औषधे. वेदना व सूज कमी करून त्यांनी असंख्य रुग्णांचे जीवन सुसह्य केले आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र ज्या क्रियेमुळे त्या वेदना शमवितात, तीच क्रिया त्यांच्या अनेक दुष्परिणामांच्या मुळाशी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

शरीराला इजा झाली की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे सूज व वेदना वाढते. अॅस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखण्यास साहाय्य करतात. गोळीचा परिणाम दुखऱ्या गुडघ्यापुरता मर्यादित राहत नाही, तो सर्व शरीरावर होतो.

त्यामुळे छातीत जळजळ, जठरात व्रण, क्वचित रक्तस्रावही संभवतो आणि तो कधीकधी कोणतीही पूर्वसूचना न देता होतो. शरीरात पाणी साठून पायांवर सूज येते, रक्तदाब वाढतो. काही दमेकऱ्यांना धाप लागते. जठराला कमी अपाय व्हावा या हेतूने बनविलेले रोफेकॉक्सिब हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढल्याचे आढळल्याने, उत्पादकाने ते सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले. त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली. १२ वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइड वापरण्यास आपल्याकडे २०११ पासून मनाई आहे.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी शाखेत येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांशी बोलताना गुडघेदुखीचा विषय हमखास निघतो. अनेकांना रक्तदाबाच्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्यांत रोजच्या वेदनाशामकाची भर पडली, तर मूत्रपिंडांवर मोठा ताण येऊ शकतो. रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे आणि वेदनाशामक स्वतःहून आणलेले. अशा वेळी एकूण हिशेब कोणाजवळच नसतो. निरनिराळ्या खात्यांतून रक्कम काढत राहावे आणि एकूण शिल्लक पाहूच नये, तसा हा प्रकार आहे.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. गोळी कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि शक्यतो जेवणानंतर घ्यावी. मात्र जेवणानंतर घेतल्याने व्रणाचा धोका टळतोच असे नाही.

२. वेष्टनावरील मूळ औषधाचे नाव वाचावे. व्यापारी नावे दोन, पण औषध एकच, असे अनेकदा घडते.

३. साठी उलटलेल्यांनी, तसेच मूत्रपिंड, हृदय, दमा वा व्रणाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना या गोळ्या घेऊ नयेत. गर्भवतींनीही हे पथ्य पाळावे.

४. डेंग्यूची शंका असताना या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे, तेही ठरलेल्या मात्रेतच. मात्रा ओलांडल्यास ते यकृताला घातक ठरते.

५. हृदयरोगासाठी डॉक्टरांनी सुरू केलेली अल्प मात्रेतील अॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, श्वास लागणे किंवा अंगावर पुरळ येणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. औषधाच्या दुष्परिणामाची माहिती रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या शासकीय निःशुल्क क्रमांकावर कळविता येते.

घरातील वडीलधारी मंडळी दररोज किती व कोणत्या गोळ्या घेतात, याची यादी एका कागदावर करून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. या कामी खर्च काहीच नाही. आणि दुखणे वारंवार परतत असेल, तर गोळ्यांची संख्या वाढविण्याऐवजी दुखण्याचे कारण शोधून घ्यावे, हेच श्रेयस्कर.