पोर काही सांगू पाहते तेव्हा

चाळीच्या भिंती पातळ असतात. कुणाच्या खोलीत पोराला पट्ट्याने मारतात हे चार घरांना ठाऊक असते. तरी "बाप आहे, मारणारच" म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दर तिघांपैकी दोन मुलांनी मार खाल्लेला होता, आणि घरात मारणारे बहुतेक आईबापच होते.

लहान मूल ओरडून रडते. तेरा-चौदा वर्षांचे मूल तसे करीत नाही. त्याला लाज वाटते. आईला आणखी मार बसेल, शाळा सुटेल, वस्तीत नाव जाईल, असा हिशेब ते मनाशी करते. म्हणून ते अगोदर चाचपून पाहते. "सर, माझ्या एका मित्राच्या घरी असं होतं, त्यानं काय करावं?" हा प्रश्न अभ्यासिकेत आम्ही कितीदा तरी ऐकला आहे. मित्राचे नाव विचारायचे नसते. एखादी मुलगी ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालते, एखादा मुलगा कुलूप लावेपर्यंत घरी जायला उठत नाही. हेही सांगणेच होय.

पुष्कळदा पहिल्यांदा कळते ते मैत्रिणीला, तेही शपथ घालून. आपल्या मुलींना सांगून ठेवावे की अशी शपथ पाळायची नसते. तिचा हात धरून तिला मोठ्या माणसाकडे आणायचे असते.

आणि मोठे माणूस काय करते? "तू काय केलं होतंस?" असे विचारते. एवढ्या एका प्रश्नाने तोंड कायमचे बंद होते. दुसरे कोणी तावातावाने बापाच्या दारात जाते. त्या रात्री पोराला दुप्पट मार बसतो. आधी ऐकावे. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझा दोष नाही," एवढेच म्हणावे. "कुणालाही सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये, कारण ते मोडावे लागते. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर जपावा. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे. आम्ही कारकून माणसे. तारखेविना कागदाला किंमत नसते हे आम्हांस पक्के ठाऊक आहे.

आईची भीती वेगळी असते. कमावता माणूस आत गेला तर चूल कशी पेटणार? ही भीती खोटी नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात बाल कल्याण समिती नेमली आहे. तिच्यापुढे शेजारी, कार्यकर्ता मुलाला नेऊ शकतो. मूल स्वतःही जाऊ शकते. समिती आईबापांना समुपदेशनाला बोलावते, गरज पडल्यास मुलाला आजी-मावशीकडे ठेवू शकते. दरवेळी तुरुंगच असे नाही.

१०९८ हा फोन रात्री-अपरात्रीही फुकट लागतो. १९९६ साली मुंबईत ही सेवा सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आहे, नंबर तोच. जीव धोक्यात असेल तर ११२ लावावा. फोन करताना मुलाला शेजारी बसवावे, आणि तो बापाच्या मोबाइलवरून करू नये. लावलेला नंबर त्यात राहतो.