बंद पडलेल्या मोटारीतली ऊर्जा

एप्रिल-मे महिन्यांत कसारा घाट किंवा खंडाळ्याचा घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या एक-दोन मोटारी हमखास दिसतात. आतून वाफ येत असते, घरची मंडळी खाली उतरून वारा घेत असतात आणि त्यांच्यापैकी एक जण हाताला फडके गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे वळलेला असतो. मोटार बंद पडली यात तसे फार बिघडलेले नसते. खरा धोका पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत असतो.

गाडी थांबली म्हणजे सगळेच थांबले, असे आपल्याला वाटते. पण तापलेल्या पाण्यात उष्णता कोंडलेली असते, जॅकवर उचललेल्या गाडीत स्थितिज ऊर्जा असते, बॅटरीत रासायनिक ऊर्जा असते आणि हातभर अंतरावरून जाणाऱ्या वाहनांत प्रचंड गतिज ऊर्जा असते. ऊर्जेचे हे सारे प्रकार आपण वर्गात शिकवतोच. रस्त्यावर अडकलेल्या माणसाने काय करावे आणि काय करू नये, हे बहुतेक त्यांच्यावरूनच ठरते.

इंजिन तापण्यापासून सुरुवात करू. पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा चाके फिरवण्याच्या कामी येते. उरलेली उष्णता काही धुरातून जाते, तर बरीचशी इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळते. हे पाणी रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून वाहताना हवेला उष्णता देते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. घाट चढताना इंजिनाला जास्त काम पडते, म्हणजे उष्णताही जास्त निर्माण होते. गाडीचा वेग मात्र कमी असल्याने समोरून येणारा वारा कमी मिळतो आणि सगळा भार पंख्यावर पडतो. त्यातच पंखा बिघडला, पट्टा तुटला, नळीतून पाणी गळत असले किंवा थर्मोस्टॅट अडकला, तर तापमापकाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. काही नव्या गाड्यांत काटा नसतो, नुसता लाल दिवा लागतो. पाणी पूर्ण संपले असेल तर काटा उलट खाली येऊ शकतो, कारण पाण्यात बुडून राहायला हवे ते संवेदक उघडे पडते. वाफेचा वास येत असताना काटा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता झाकणाकडे वळू. रेडिएटरचे झाकण ही साधी बाटलीची टोपी नव्हे. त्यात स्प्रिंग लावलेली एक झडप असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरणदाबाने वाढेपर्यंत ही झडप बंद राहते. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टीही साधारण याच दाबाला उचलली जाते. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. एरवी १०० अंश सेल्सियसला उकळणारे पाणी अशा दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूपातच राहते. कुकरमध्ये त्यामुळे डाळ लवकर शिजते आणि मोटारीत पाणी न उकळता जास्त उष्णता वाहून नेते. फरक इतकाच की कुकर उतरवल्यावर तो निवेपर्यंत झाकण काढायचे नाही, हे घरातले लहान मूलही जाणते. काही कुकरांची झाकणे तर आतल्या बाजूने बसवलेली असतात, दाब असेपर्यंत ती उघडतच नाहीत. रेडिएटरच्या झाकणाला अशी अक्कल दिलेली नाही. जोर लावला की ते उघडते.

उघडल्यावर काय होते याचा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. समजा आत ५ किलोग्रॅम पाणी १२० अंशांना आहे. झाकण काढताच दाब एकदम उतरतो आणि त्या दाबाला पाणी १०० अंशांच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही. २० अंशांची जादा उष्णता म्हणजे ५ × ४.२ × २० = ४२० किलोज्यूल. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे जवळजवळ १८५ ग्रॅम पाण्याची क्षणार्धात वाफ होणार. १८५ ग्रॅम म्हणजे एक पेलाभर पाणी, पण त्याची वाफ तीनशे लीटरहून अधिक जागा व्यापते. दीड पिंपाएवढी ही वाफ बोटभर तोंडातून बाहेर पडताना उरलेले उकळते पाणीही बरोबर घेऊन येते. ते थेट तोंडावर आणि छातीवर उडते, कारण झाकण उघडणारा माणूस त्यावर वाकलेला असतो. हातावरचे फडके इथे काय कामाला येणार?

हा प्रयोग वर्गात धोका न पत्करता दाखवता येतो. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये साधारण ७० अंश तापमानाचे थोडे पाणी घ्या. आतली हवा काढून टाका. टोकाला रबरी बूच घट्ट लावा आणि दट्ट्या मागे ओढा. पाणी खळखळ उकळू लागेल. उष्णता दिली नाही, फक्त दाब कमी केला, तरी पाणी उकळले. घाटात झाकण उघडणारा नेमके हेच करत असतो. फक्त त्याचे पाणी १२० अंशांचे आणि पाच लीटर असते.

तेव्हा काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि गाडीतला हीटर पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हे ऐकायला विचित्र वाटते, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तोही इंजिनाची उष्णता काढून घेतो. काटा लाल पट्ट्यात गेलाच तर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. वाफ येत असेल तोवर बॉनेटही उघडू नये. इंजिन बंद असतानाही विजेवर चालणारा पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून हात आणि ओढणी-पदर दूर ठेवावेत. निदान अर्धा तास थांबावे. मग रेडिएटरची वरची रबरी नळी जाड फडक्यातून दाबून पाहावी. ती टणक लागली तर आत अजून दाब आहे. ती मऊ पडल्यावर, तोंड बाजूला ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, फुसफुस थांबू द्यावी आणि मगच ते काढावे. आजच्या पुष्कळ गाड्यांत पाणी भरण्याची जागा प्लॅस्टिकच्या टाकीला असते. तीही दाबाखालीच असते, तेव्हा प्लॅस्टिक पाहून फसू नये.

थंडगार पाणी एकदम ओतणेही बरे नव्हे. तापलेला धातू एका जागी झटकन आकुंचन पावला तर त्याला तडा जाऊ शकतो. गरम काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतल्यावर होते तसेच हे. पाणी थोडे थोडे घालावे. अडचणीच्या वेळी साधे पिण्याचे पाणी चालते, शीतकाचे योग्य मिश्रण नंतर गॅरेजमध्ये भरून घेता येते. पुन्हा पुन्हा गाडी तापत असेल तर आधी झाकणाचा रबरी वायसर तपासून घ्यावा. तो झिजला की दाब धरत नाही आणि पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळू लागते. महाबळेश्वरच्या उंचीवर तर साधारण ९५ अंशांनाच.

एवढे सांगूनही कोणी भाजलेच, तर भाजलेल्या भागावर साधे, वाहते पाणी सुमारे वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल यांपैकी काही लावू नये. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर दवाखाना गाठायला उशीर करू नये.

चाक पंक्चर होणे हा सर्वांत नेहमीचा बिघाड. आपण बदली चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतो, तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये बदली चाके विकायला सुरुवात केली. असो. वेगात असताना टायर फुटला तर ब्रेकवर पाय दाबण्याचा मोह आवरावा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ ठेवावे आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढून वेग आपोआप उतरू द्यावा.

चाक बदलताना नट आधी सैल करावेत आणि मगच जॅक लावावा. चाक जमिनीवर टेकलेले असते तेव्हा घर्षण ते फिरू देत नाही. गाडी उचलल्यावर जोर लावला तर चाक तरी फिरते, नाहीतर गाडीच जॅकवरून घसरते. घट्ट बसलेल्या नटाला १०० न्यूटन-मीटर घूर्णबल लागते असे धरले, तर पाव मीटर लांबीच्या पान्याला ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलो वजनाइतका जोर हवा. पान्यात पाइप घालून लांबी अर्धा मीटर केली की निम्मा जोर पुरतो. तरफेचे गणित शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

हातब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचे चाक उचलले की गाडी धरून ठेवायला एकच ब्रेक लागलेले चाक उरते. म्हणून सपाट जागीसुद्धा दुसऱ्या टोकाच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावावेत. उतारावर चाक बदलूच नये. मऊ मातीत जॅकखाली फळी घ्यावी, म्हणजे तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरून दाब कमी होतो. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोके तर नाहीच, हातही घालू नये. पाना किंवा नट आत घरंगळला तर तो काठीने ओढावा.

बॅटरी उतरली असता दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते, क्रम मात्र ठाऊक नसतो. तारेचे लाल टोक आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्राला, दुसरे लाल टोक चांगल्या बॅटरीच्या धन अग्राला आणि मग काळे टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्राला लावायचे. शेवटचे काळे टोक बॅटरीला न लावता, बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावायचे. मंडल पूर्ण होताना तिथे ठिणगी उडते. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो आणि हवेत तो ४ टक्क्यांपासूनच पेट घेऊ शकतो. ठिणगी बॅटरीवर उडाली तर बॅटरी फुटून आतले गंधकाम्ल उडते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. पण पाना चुकून दोन्ही अग्रांवर टेकला तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तो लालबुंद होऊ शकतो. हातातली अंगठी, कडे, घड्याळ आधी काढून ठेवावे. विजेवर चालणाऱ्या किंवा संकरित गाडीतल्या नारिंगी वेष्टनाच्या तारांना मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही. तिथला विद्युतदाब शेकडो व्होल्टांचा असतो.

या सगळ्यांहून मोठी ऊर्जा मात्र आपल्या गाडीत नसते. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या वार्षिक अहवालात उभ्या वाहनावर आदळून झालेल्या अपघातांसाठी वेगळा रकाना असतो. तो का लागतो, हे शाळेच्या मैदानावर पाहता येईल. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोर गाडी उभी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ४२ मीटर संपतात. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी सुमारे ५५ मीटर लागतात. एकूण ९७ मीटर. विद्यार्थ्यांना शंभर मीटरच्या धावपट्टीच्या एका टोकाला उभे करावे आणि दुसऱ्या टोकाकडे पाहायला सांगावे. रात्री, दिवे नसलेली गाडी एवढ्या अंतरावरून दिसेल का? पावसात घर्षण निम्मे झाले तर ब्रेक लागल्यानंतरचेच अंतर ११० मीटर होते.

म्हणून गाडी शक्य तितकी डावीकडे घेऊन चारही इंडिकेटर लावावेत. दुरुस्ती सुचण्याआधी माणसांना बाहेर काढावे, तेही रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दारातून. कठड्यापलीकडे जागा सुरक्षित असेल तर तिथे उभे राहावे, पण गाडीच्या पुढे नव्हे. मागून धक्का बसलेली गाडी पुढेच फेकली जाते. परावर्तक त्रिकोण साध्या रस्त्यावर निदान ५० मीटर मागे आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. द्रुतगती मार्गावर तो ठेवायला रस्त्यावरून चालत जाणे हाच मोठा धोका असतो. कठड्याबाहेरून जाता येत नसेल तर तो नाद सोडून ११२ वर, किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करावा.

त्रिकोण नसला की आपल्याकडे रस्त्यावर दगड मांडतात. झाडाची फांदी तरी दिवसा दुरून दिसते. दगड रात्री दिसतच नाही. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आपटतो. ज्याने ते मांडले त्याला याचा पत्ताही लागत नाही. निघण्यापूर्वी चाकाखालचे आणि रस्त्यावरचे सगळे दगड उचलून कडेच्या चरात टाकायला एक मिनिटही लागत नाही.