एलिझाबेथ टॉवर : पुनरुद्धार व सार्वजनिक निधी

लंडन येथील वेस्टमिन्स्टर राजवाड्याच्या (ब्रिटिश संसदभवनाच्या) उत्तर टोकास असलेला प्रसिद्ध घड्याळाचा मनोरा. उंची ९६ मी. ‘बिग बेन’ या नावाने तो जगभर ओळखला जात असला, तरी ते नाव वस्तुतः मनोऱ्यातील सर्वांत मोठ्या घंटेचे आहे. पूर्वी ‘क्लॉक टॉवर’ असे साधे नाव असलेल्या या मनोऱ्यास २०१२ मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त तिचे नाव देण्यात आले. २०१७ ते २०२२ या काळात त्याचा जो पुनरुद्धार झाला, तो मनोऱ्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा होय. या कामाचा संपूर्ण खर्च सार्वजनिक निधीतून झाला आणि तो मूळ अंदाजाच्या जवळजवळ पावणेतीनपट झाला. ऐतिहासिक वास्तूंसाठी जनतेचा पैसा कोणत्या तत्त्वावर खर्च करावा, या प्रश्नाच्या अभ्यासात म्हणूनच या मनोऱ्याचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

रचना व पूर्वेतिहास : जुना वेस्टमिन्स्टर राजवाडा १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लागलेल्या आगीत बहुतांशी जळून गेला. नव्या वास्तूचा आराखडा चार्ल्स बॅरी या वास्तुविशारदाने केला. मनोऱ्याच्या गॉथिक शैलीतील आकृतिबंधाचे श्रेय ऑगस्टस प्युजिन याला दिले जाते. बांधकामास १८४३ मध्ये प्रारंभ झाला. घड्याळाच्या यंत्रणेचा आराखडा एडमंड बेकेट डेनिसन याने तयार केला, तर ती एडवर्ड जॉन डेंट व त्याच्या निधनानंतर फ्रेडरिक डेंट यांनी घडविली. घड्याळ ३१ मे १८५९ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी ११ जुलैला बिग बेनने पहिले तासाचे ठोके दिले.

मोठ्या घंटेचा इतिहास काहीसा विलक्षण आहे. स्टॉक्टन येथे ओतलेली पहिली घंटा चाचणीतच फुटली. तिचाच धातू वितळवून लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेत १८५८ मध्ये दुसरी घंटा ओतण्यात आली. तिचे वजन सु. १३·७ टन आहे. तीही सुरू झाल्यापासून दोन-तीन महिन्यांतच तडकली. तेव्हा घंटा थोडी फिरवून व हलका हातोडा बसवून ती पुन्हा उपयोगात आणली गेली. तडा मात्र तसाच राहिला, आणि आज जगाच्या परिचयाचा असलेला तिचा नाद हा या तडा गेलेल्या घंटेचाच नाद होय.

खर्चाच्या दृष्टीनेही या वास्तूचा जन्म निर्वेध झाला नव्हता. नवा राजवाडा सु. ७ लाख पौंडांत व ६ वर्षांत पूर्ण होईल, असा बॅरीचा अंदाज होता. प्रत्यक्षात खर्च २० लाख पौंडांवर गेला आणि काम सु. ३० वर्षे चालले. त्यावरून संसदेत व वृत्तपत्रांत दीर्घकाळ टीका होत राहिली.

पुनरुद्धाराची आवश्यकता : दुसऱ्या महायुद्धात मे १९४१ मधील हवाई हल्ल्यात मनोऱ्याचे नुकसान झाले, तरी घड्याळ चालूच राहिले. ५ ऑगस्ट १९७६ रोजी धातूच्या शिणवट्यामुळे घंटानादाच्या यंत्रणेतील भाग तुटून यंत्रणेची मोठी हानी झाली. बाहेरून सुस्थितीत दिसणाऱ्या यंत्रात आतून काय चालले आहे, हे तपासणीवाचून कळत नाही, याची ती जाणीव होती. यानंतर १९८३ ते १९८५ या काळात मनोऱ्याची मोठी दुरुस्ती झाली. पुढील तीन दशकांत मात्र त्या प्रमाणावर काम झाले नाही. छताच्या बिडाच्या भागांना गंज चढला, दगडकामात भेगा पडल्या, पाणी झिरपू लागले आणि घड्याळाची यंत्रणाही झिजली. आपत्काळी आजारी वा जखमी व्यक्तीस खाली आणण्यास ३३४ पायऱ्यांच्या अरुंद जिन्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

येथे पुनरुद्धाराचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द प्रामुख्याने देवालयांच्या संदर्भात रूढ आहे. त्यात जीर्ण भाग काढून त्याजागी नवा, कित्येकदा अधिक भव्य भाग उभारणे हे पुण्यकर्म मानले जाते. आधुनिक वास्तुजतनाचा दृष्टिकोन याहून भिन्न आहे. मूळचे जेवढे टिकविता येईल तेवढे टिकवावे, बदलणे अपरिहार्य असेल तेवढेच बदलावे आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी, अशी त्याची त्रिसूत्री सांगता येईल. या पद्धतीत प्रत्येक दगड व प्रत्येक बिडाचा तुकडा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. साहजिकच नव्या बांधकामाप्रमाणे क्षेत्रफळाच्या दराने खर्च काढण्याची सोय तीत नसते.

निधीचा स्रोत : मनोरा संसदभवनाचा भाग असल्याने त्याच्या जतनाची जबाबदारी संसदेकडे आहे. कामाचा खर्च सर्वसामान्य करदात्यांच्या पैशातून, संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या खर्चाच्या तरतुदींतून करण्यात आला आणि त्यास दोन्ही सभागृहांच्या आयोगांची संमती घ्यावी लागली.

अशा खर्चाचे अर्थशास्त्रीय समर्थन सार्वजनिक वस्तूच्या संकल्पनेत आढळते. वेस्टमिन्स्टर पुलावरून जाणारा कोणीही मनोरा पाहू शकतो व त्याचे टोल ऐकू शकतो. एकाने ऐकल्याने दुसऱ्याचे ऐकणे कमी होत नाही आणि मोल न देणाऱ्यास त्यापासून वंचितही ठेवता येत नाही. बीबीसी नभोवाणीने ३१ डिसेंबर १९२३ पासून या घंटेचे नाद प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केल्यावर तर हा लाभ लंडनबाहेर दूरवर पोहोचला. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो, पण जिचे मूल्य कोणाकडूनही वसूल करणे कठीण असते, तिची निगा बाजारव्यवस्था राखत नाही. तो भार समाजाने सामुदायिकपणे उचलावा लागतो. याउलट, रुग्णालये व शाळा यांना निधी अपुरा पडत असता घड्याळावर कोट्यवधी पौंड खर्च करणे कितपत योग्य, हा आक्षेपही तितकाच जुना आहे. त्याला एकच समाधानकारक उत्तर संभवते, ते म्हणजे खर्चाचा चोख व उघड हिशेब.

अंदाजपत्रक व त्यातील वाढ : २०१६ मध्ये काम जाहीर झाले, तेव्हा खर्च २·९ कोटी पौंड धरण्यात आला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये, काम सुरू झाल्यानंतर, हा आकडा सु. ६·१ कोटी पौंडांवर गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी १·८६ कोटी पौंडांची मागणी पुढे आली आणि एकूण अंदाज ७·९७ कोटी पौंड झाला. २०१७ मध्येच मोठी वाढ मंजूर केली असता पुन्हा निधी मागितला जावा, याबद्दल हाउस ऑफ कॉमन्सच्या आयोगाने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली.

वाढीची कारणे दोन प्रकारची होती. पहिला अंदाज पुरेशा तपासणीवाचून व अनिश्चिततेसाठी पुरेशी तरतूद न करता बांधलेला होता. हा नियोजनाचा दोष म्हटला पाहिजे. दुसरे कारण मात्र अशा वास्तूंच्या स्वरूपातच आहे. परांची उभारून भाग सुटे केल्यावाचून आतील स्थिती कळणे शक्य नव्हते. ते केल्यावर छतास युद्धकाळात झालेली हानी समजुतीपेक्षा अधिक असल्याचे आढळले. घंटाघरात ॲस्बेस्टस निघाले, जुन्या रंगांत शिसे आढळले, तबकड्यांच्या काचा फुटलेल्या होत्या आणि प्रदूषणाने दगडकामाची झालेली झीजही मोठी होती. यांपैकी कोणतीही गोष्ट नजरेआड करून काम पुरे करणे म्हणजे तोच खर्च पुढील पिढीवर अधिक मोठ्या आकड्याने ढकलणे ठरले असते.

झालेले काम : घड्याळाची सु. ११·५ टन वजनाची यंत्रणा सुटी करून कंब्रिया परगण्यातील कारागिरांकडे साफसफाई व दुरुस्तीसाठी पाठविण्यात आली. या काळात विजेच्या मोटरीवर काटे चालवून निदान एक तबकडी लोकांना वेळ दाखवीत राहील, अशी व्यवस्था केली होती. चारही तबकड्यांच्या काचा बदलण्यात आल्या. प्रत्येक तबकडीत काचेचे ३२४ तुकडे आहेत. बिडाच्या छताचे तीन हजारांहून अधिक भाग उतरवून दुरुस्त करण्यात आले. रंगाच्या थरांच्या विश्लेषणावरून काटे व आकड्यांचा मूळ रंग काळा नसून निळा (प्रशियन ब्लू) असल्याचे दिसून आले व तो पुन्हा देण्यात आला. मनोऱ्यात उद्वाहकही बसविण्यात आला. काम २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि १३ नोव्हेंबर २०२२ पासून बिग बेनचे नियमित ठोके पूर्ववत सुरू झाले. जुलै २०२३ पासून सशुल्क दर्शन-फेऱ्या सुरू झाल्या. २०२५ मध्ये हा पुनरुद्धार-प्रकल्प वास्तुकलेतील प्रतिष्ठेच्या स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत होता.

घंटानादाचा वाद : कामगारांच्या श्रवणशक्तीस अपाय होऊ नये म्हणून २१ ऑगस्ट २०१७ पासून, नववर्षदिनासारखे काही प्रसंग वगळता, घंटा बंद ठेवण्यात आली. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी यूरोपीय संघ सोडला, तेव्हा त्या क्षणी घंटा वाजावी, अशी मागणी काही संसद सदस्यांनी केली. सुट्या केलेल्या यंत्रणेची तात्पुरती जोडणी, घंटेखालील तात्पुरती फरशी व त्यामुळे कामास होणारा विलंब हे सर्व धरून खर्च ५ लाख पौंडांपर्यंत जाईल, असे संसदेच्या अधिकाऱ्यांनी कळविले. तेव्हा लोकवर्गणीची मोहीम निघाली व तीत २·७ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. परंतु अशा नव्या मार्गाने आलेला निधी सार्वजनिक खर्चाच्या औचित्याशी व देखरेखीच्या नियमांशी सुसंगत असला पाहिजे, अशी भूमिका आयोगाने घेतली आणि घंटा वाजली नाही. त्या रात्री पंतप्रधानांच्या निवासस्थानी ध्वनिमुद्रित नाद ऐकविण्यात आला व जमलेली रक्कम सैनिकांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेस देण्यात आली.

रक्कम लहान असली, तरी या प्रसंगी एक मोठा प्रश्न उपस्थित झाला. ज्या कामासाठी देणगी येते, त्या कामाबरोबर देणगीदारांची इच्छाही येते. सर्वांच्या मालकीच्या वास्तूने केव्हा बोलावे व केव्हा मौन पाळावे, हे वर्गणी देणाऱ्या एका गटाने ठरवू लागल्यास ती वास्तू सर्वांची राहत नाही.

राजाबाई टॉवरशी तुलना : निधीचा दुसरा मार्ग मुंबईतील राजाबाई टॉवरच्या उदाहरणात दिसतो. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील हा सु. ८५ मी. उंचीचा घड्याळाचा मनोरा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८६९ ते १८७८ या काळात बांधला गेला. लंडनच्या मनोऱ्याशी त्याची तुलना नेहमी केली जाते. त्यासाठी प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने २ लाख रुपयांची देणगी दिली आणि मनोऱ्यास त्याच्या आईचे नाव मिळाले. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या पुनरुद्धाराचा सु. ४ कोटी रुपयांचा भार टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या खाजगी कंपनीने उचलला. अशा प्रकारे बांधणी व पुनरुद्धार या दोन्हींत या मनोऱ्यास उद्योग-व्यापाराच्या औदार्याचे साहाय्य झाले. जून २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला, त्यात या मनोऱ्याचाही अंतर्भाव आहे. भारतात अशा देणग्यांना शिस्त लावण्यासाठी केंद्र शासनाने १९९६ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक निधी स्थापन केला.

देणगीचा मार्ग जलद असतो व त्यामुळे शासनाच्या तिजोरीवर ताण पडत नाही. परंतु देणगी नामांकित वास्तूकडे सहज वळते. गल्लीतील जुनी धर्मशाळा, बारव किंवा नगरवाचनालयाची इमारत यांच्याकडे देणगीदाराचे लक्ष क्वचितच जाते. शिवाय देणगी सामान्यतः एकदाच मिळते, तर वास्तूची निगा दरवर्षी राखावी लागते.

मूल्यमापन : एलिझाबेथ टॉवरच्या उदाहरणातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जुन्या वास्तूचा खर्च ती उघडल्यावाचून नेमका सांगता येत नाही. म्हणून सखोल तपासणीसाठी आधी स्वतंत्र तरतूद करावी व नंतरच एकूण आकडा जाहीर करावा. दुसरी, मोठा पुनरुद्धार हा बहुधा लांबणीवर टाकलेल्या किरकोळ दुरुस्त्यांचा संचित परिणाम असतो. खुद्द वेस्टमिन्स्टर राजवाड्याच्या नूतनीकरणासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २०२२ मध्ये त्याचा प्राथमिक अंदाज ७ ते १३ अब्ज पौंड इतका सांगण्यात आला, हे याचेच गमक होय. तिसरी, सार्वजनिक निधीबरोबर उत्तरदायित्वही येते. वाढलेला प्रत्येक आकडा जाहीर करून त्याचा जाब संसदेस द्यावा लागला. तो अप्रिय ठरला, तरी लपविता आला नाही. खर्चाची पूर्वसूचना देण्यात ही पद्धती येथे उणी पडली, परंतु वास्तू कोणाची आहे याविषयी तिने संदेह राहू दिला नाही. कर भरणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असलेली ती तडा गेलेली घंटा म्हणूनच कोणा एकाच्या मर्जीने वाजत नाही व कोणा एकासाठी थांबतही नाही.